कोणता रस्ता आधी?



बासष्टच्या युद्धाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली, जिथे जिथे आपली मराठी माणसं ही मालिका ऐकतात, तिथून तो आलेला आहे. चीनने पन्नासच्या दशकातच तिबेटमधून सीमेपर्यंत रस्ते आणले, मग आपण का नाही नेले? बरेच जण उत्तरही सोबत जोडतात. कुणी एका पंतप्रधानांना धरतो, कुणी दुसऱ्या पक्षाला. मी सैन्यात असताना याच रस्त्यांच्या टोकाला काही वर्षं काढली आहेत आणि निवृत्तीनंतर या विषयावरचे सरकारी अहवाल वाचत बसण्याचा छंद मला लागला आहे. त्यातून एक गोष्ट मला पटली. रस्ता कुठे होणार हे भाषणात ठरत नाही, ते हिशेबाच्या वहीत ठरतं. वहीत ज्या गोष्टीला रकाना असतो तिला पैसा मिळतो. रकानाच नसेल तर गरज कितीही मोठी असो, ती दिसतच नाही.

आज आपण तीच वही उघडून बघू.

साहेबाच्या दोन वह्या

सरकारकडे पैसा नेहमीच कमी आणि मागण्या जास्त असतात. ग्रामसभेत पाण्याची टाकी आधी की शाळेची खोली आधी हा वाद होतो, तोच दिल्लीत होतो, फक्त शून्यं वाढतात. निवड करायला काहीतरी कसोटी लागते. ब्रिटिशांची सर्वांत आवडती कसोटी म्हणजे परतावा. कालवा खोदला तर पाणीपट्टीतून व्याज सुटेल का? रेल्वे टाकली तर भाडं किती येईल?

पण तेही अनुभवाने शिकले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर पाटबंधाऱ्यांच्या कामांचे दोन वर्ग पक्के झाले. एक उत्पादक कामं, म्हणजे स्वतःचा खर्च भरून काढणारी. दुसरी संरक्षक कामं, जी तोट्यात चालली तरी दुष्काळात माणसं वाचवतील म्हणून करायची. आपल्या दख्खनमधली काही कामं या दुसऱ्या वर्गात होती. रेल्वेचंही तसंच. १९२४ मध्ये रेल्वेचं अंदाजपत्रक सर्वसाधारण अंदाजपत्रकापासून वेगळं केलं, तेव्हा व्यापारी मार्ग आणि लष्करी महत्त्वाचे मार्ग यांचा हिशेब वेगळा ठेवला. लष्करी मार्गांचा तोटा रेल्वेने सोसायचा नाही, तो सरकारच्या तिजोरीतून जायचा.

हे लष्करी मार्ग होते कुठे? मुख्यतः वायव्येला. १८८५ मध्ये पंजदेहला रशियन आणि अफगाण सैन्याची चकमक झाली आणि रशिया आता हिंदुस्थानच्या दारात आला अशी धास्ती लंडनपासून सिमल्यापर्यंत पसरली. मग क्वेट्ट्याकडे रेल्वे गेली, खोजकचा बोगदा १८९१ मध्ये झाला, खैबरमधून लंडी कोतलपर्यंतची रेल्वे १९२५ मध्ये. या मार्गांवरून भाडं किती येईल हे कुणी विचारलं नाही. तिबेटच्या बाजूने मात्र साहेबाला धोका वाटत नव्हता. तिथे त्याने पायवाटा आणि खेचरांचे मार्ग यांवर भागवलं.

१९४७ साली वाटणी झाली. वायव्येकडची ही सगळी महागडी तयारी पाकिस्तानकडे गेली. आपल्या वाट्याला आली हिमालयातली हजारो किलोमीटरची सीमा, जिथे तयारी म्हणून काही नव्हतंच. काश्मीरचंच बघा. श्रीनगरला जाणारा बारमाही चांगला रस्ता रावळपिंडी, मुझफ्फराबाद, उरी असा होता. आपल्या बाजूने बनिहालवरून जाणारा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद व्हायचा. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिली तुकडी डाकोटा विमानांतून श्रीनगरला उतरवावी लागली, त्यामागे हे साधं कारण आहे.

नागपूरचं सूत्र

आता दुसरी वही. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली. तिथे वीस वर्षांसाठी रस्त्यांचा आराखडा झाला. तोच नागपूर आराखडा. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही जी विभागणी आपण आजही वापरतो, ती या परिषदेत पक्की झाली. दर शंभर चौरस किलोमीटरला सरासरी १६ किलोमीटर रस्ते हे उद्दिष्ट होतं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच ते गाठलं गेलं. आपल्या अभियंत्यांनी अभिमान बाळगावा असं हे काम आहे.

कोणत्या भागाला किती रस्ते द्यायचे हे ठरवायला त्यांनी एक सूत्र बसवलं होतं. मोठ्या रस्त्यांसाठी शेतीच्या जमिनीला आठने भागायचं, बिनशेती जमिनीला बत्तीसने. मग त्यात मोठी गावं आणि शहरं किती आहेत ते मोजून भर घालायची. रेल्वे असेल तर तिची लांबी वजा करायची.

भागाकार परत बघा. आठ आणि बत्तीस. म्हणजे ओसाड डोंगराळ जमिनीचं वजन शेतजमिनीच्या एक चतुर्थांश. आणि गाव दोन हजार वस्तीच्या वर गेलं तरच ते हिशेबात येणार. हे सूत्र चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. धान्य बाजारात आणायचं, शेतकऱ्याला तालुक्याशी जोडायचं, या हेतूला ते अगदी योग्य होतं. पण या काट्यावर लडाख किंवा तवांग तोलून बघितलं तर पारडं हलतही नाही. तिथे शेती नाही, मोठं गाव नाही, वाहतूक नाही. रस्ताच नाही तर वाहतूक कुठून मोजणार?

१९५१ च्या पहिल्या पंचवार्षिक योजनेचा मूळ आराखडा २,०६९ कोटींचा. देशात धान्य नव्हतं, निर्वासितांची सोय व्हायची होती. पाटबंधारे, वीज, शेती, रेल्वेची दुरुस्ती यांना पैसा गेला. त्या वेळी त्या खुर्चीत तुम्ही-आम्ही असतो तरी भाकरी आधी म्हटलं असतं.

इच्छा असली की किती वेळ लागतो

याच सरकारने दुसरीकडे काय केलं तेही बघू, म्हणजे तुलना न्याय्य होईल. फाळणीने आसामचा रेल्वेमार्ग तोडला. जुना मार्ग पूर्व पाकिस्तानातून जात होता. भारतातून आसामला जायला सलग रेल्वे उरलीच नाही. चहा अडकला, मीठ अडकलं, रॉकेल अडकलं. जानेवारी १९४८ मध्ये आसाम रेल जोडणीचं काम सुरू झालं. पुराच्या नद्या, हिवतापाचं जंगल, भूमी दलदलीची. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा हा मार्ग दोन वर्षांत उभा राहिला आणि २६ जानेवारी १९५० ला, प्रजासत्ताक झालो त्याच दिवशी, प्रवासी गाड्या सुरू झाल्या.

म्हणजे अभियंते होते, मजूर होते, जिद्द होती. फरक इतकाच की आसामची तूट रोज दिसत होती. तिबेटच्या सीमेवरची तूट युद्धाच्या दिवसापर्यंत दिसणार नव्हती.

सूचना मिळालीच नाही असंही नाही. चीन तिबेटमध्ये शिरल्यावर मेजर जनरल हिम्मतसिंहजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९५१ मध्ये तिने उत्तर आणि ईशान्य सीमेवरच्या उपायांबद्दल अहवाल दिला. त्याच वर्षी मेजर बॉब खाथिंग आसाम रायफल्सचे जवान घेऊन तवांगला पोहोचले आणि तिथे भारताचं प्रशासन सुरू झालं. ते गेले पायी. पुढे चीनने शिनजियांग ते तिबेट महामार्ग बांधला. त्याचा सुमारे १८० किलोमीटरचा भाग आपल्या अक्साई चीनमधून जातो. १९५७ मध्ये तो पूर्ण झाल्याचं त्यांनीच जाहीर केलं, तेव्हा आपल्याला खात्रीची बातमी कळली. गस्त पाठवायला आपल्याकडे रस्ता नव्हता, त्यामुळे त्यांचा रस्ताही दिसला नव्हता.

मग ७ मे १९६० ला सीमा सडक संघटना, म्हणजे बीआरओ, स्थापन झाली. तिच्या मंडळाचे अध्यक्ष खुद्द पंतप्रधान नेहरू. सुरुवातीला दोनच प्रकल्प, श्रीनगरला बीकन आणि तेजपूरला टस्कर, ज्याला आज वर्तक म्हणतात. तिच्या मनुष्यबळाचा कणा असलेल्या ग्रेफ दलाचं केंद्र पुण्यात दिघीला आहे. पण डोंगरातला रस्ता दोन वर्षांत पिकत नाही. आधी पाहणी, मग सुरुंग, मग दोन-तीन पावसाळे दरडी कोसळून डोंगर स्थिरावायचा. युद्ध २० ऑक्टोबर १९६२ ला आलं.

नामका चू नदीवर आपली ब्रिगेड उभी होती. तवांगच्या पुढे काही दिवसांची पायपीट. दारूगोळा, अन्न, गरम कपडे विमानातून टाकायचे, त्यातलं बरंच दरीत जायचं. ज्यांनी रसदीचं काम केलं आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. खेचर साधारण सत्तर किलो ओझं नेतं. तीन टनी ट्रकचा एक फेरा म्हणजे चाळीसहून जास्त खेचरं. आणि ट्रक जे अंतर दिवसात कापतो त्याला खेचराला आठवडा लागतो, शिवाय त्याचा चारा त्यालाच वाहावा लागतो. रस्ता नसला की सैनिक शौर्यात कमी पडत नाही, गोळ्यांत कमी पडतो.

रस्ता हेही लढाईचं हत्यार आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? १९४८ च्या एप्रिलमध्ये बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे, नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या वाटेवरचे सुरुंग आणि आडवी पाडलेली झाडं शत्रूच्या माऱ्याखाली बाजूला करत रणगाड्यांच्या पुढे चालले. वाट मोकळी झाली म्हणून रणगाडे राजौरीला पोहोचले. राणे यांना परमवीर चक्र मिळालं, आणि ते मिळालं वाट काढण्याबद्दल.

रस्ता न बांधण्याचं धोरण

खरं आश्चर्य बासष्टनंतरचं आहे. धडा असा घेतला गेला की सीमेपर्यंत रस्ता नेला तर शत्रू त्याच रस्त्याने आत येईल. मागचे रस्ते सुधारले, पण शेवटचे काही किलोमीटर मुद्दाम तसेच राहिले. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी लोकसभेत हे उघडपणे मान्य केलं: अविकसित सीमा ही विकसित सीमेपेक्षा सुरक्षित, असं अनेक वर्षं आपलं धोरण होतं. त्यांच्या स्पष्टपणाचं मला कौतुक आहे. न बांधणं हाही निर्णय असतो, आणि त्याचा कुणी उद्घाटनाचा फलक लावत नाही.

या निर्णयाचं बिल मधून मधून येत राहिलं. १९८६ मध्ये सुमदोरोंग चूला चिनी सैनिक येऊन बसले, तेव्हा जनरल सुंदरजींना आपलं सैन्य हेलिकॉप्टरने उंचावर चढवावं लागलं. बासष्टला चोवीस वर्षं झाली होती. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवरून श्रीनगर ते लेह हा महामार्गच शत्रूच्या तोफांच्या नजरेत आला, आणि लडाखला दुसरी भरवशाची वाट हवी हे सगळ्यांना पटलं.

पैसा खर्च झाला, रस्ता झाला नाही

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चीन सीमेवरचे ७३ रस्ते निश्चित झाले. त्यातले ६१, सुमारे ३,४०० किलोमीटरचे, बीआरओकडे आले. मुदत २०१२. म्हणजे वहीत आता रकाना आला, यादी आली, तारीख आली. पुढे काय झालं ते महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात आहे. मार्च २०१६ पर्यंत ६१ पैकी २२ रस्ते पूर्ण. या सगळ्या रस्त्यांचा अंदाजित खर्च होता ४,६४४ कोटी, त्यातले ४,५३६ कोटी खर्च झालेले. शंभरातले ९८ रुपये गेले आणि शंभरातले ३६ रस्ते हातात आले.

कारणं कंटाळवाणी आहेत, म्हणूनच महत्त्वाची आहेत. पाहणी अपुरी. जंगलखात्याची परवानगी वर्षानुवर्षं अडकलेली. डोंगरात वर्षातले चार-पाच महिनेच काम. यंत्रसामग्री जुनी. आणि बीआरओचा पैसा एका मंत्रालयातून तर ताबा दुसऱ्या मंत्रालयाकडे, ही दोन मालकांची व्यवस्था २०१५ पर्यंत चालली. तेव्हा कुठे ती पूर्णपणे संरक्षण मंत्रालयाखाली आली.

दरबुक, श्योक, दौलत बेग ओल्डी हा २५५ किलोमीटरचा रस्ता या सगळ्याचं उदाहरण आहे. २००० च्या सुमारास सुरू झाला. मोठा भाग श्योक नदीच्या काठाने आखला होता. उन्हाळ्यात बर्फ वितळून नदी फुगली की रस्ता वाहून जायचा. शेवटी आखणी बदलून बराच भाग नव्याने बांधावा लागला. २१ ऑक्टोबर २०१९ ला श्योकवरचा कर्नल चेवांग रिंचेन पूल खुला झाला आणि रस्ता खऱ्या अर्थाने बारमाही झाला. पुढच्याच जूनमध्ये, याच रस्त्याच्या शेजारी, गलवानमध्ये आपले वीस जवान धारातीर्थी पडले.

रोहतांगखालच्या बोगद्याचीही वेगळी कथा नाही. वाजपेयींनी २००० मध्ये घोषणा केली, २०१० मध्ये बोगद्याची कोनशिला बसली, ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा खुला झाला. लांबी नऊ किलोमीटर. वीस वर्षांत तीन वेगवेगळ्या पंतप्रधानांचा हात त्याला लागला आणि खर्च ३,२०० कोटींच्या पुढे गेला. ज्यांना एकाच पक्षाला श्रेय किंवा दोष द्यायचा आहे त्यांनी या तारखा जवळ ठेवाव्यात.

डोकी मोजण्याचा काटा

सैन्याची गरज आता वहीत आली. पण सीमेवर सैन्यच राहत नाही, गावंही आहेत. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्राम सडक योजना आली. अतिशय गुणकारी योजना. सपाटीला ५०० वस्तीची आणि डोंगराळ भागात २५० वस्तीची गावं आधी, असा स्पष्ट निकष. कुणाच्या वशिल्याची गरज नाही. पण सीमेवरचं ऐंशी-शंभर माणसांचं गाव यातही बसत नाही. रस्ता नाही म्हणून शिक्षक टिकत नाही, दवाखाना नाही, मग तरुण खाली डेहराडूनला किंवा तेजपूरला उतरतो. गावाची संख्या आणखी घटते आणि काटा आणखी खाली जातो. ज्या गावांमुळे ही सीमा आपली वसलेली आहे असं आपण जगाला दाखवतो, ती गावं आपल्याच निकषाने रिकामी होत गेली.

२०२३ मध्ये व्हायब्रंट व्हिलेज योजना मंजूर झाली. एकूण ४,८०० कोटी, त्यातले २,५०० कोटी रस्त्यांसाठी, पहिल्या टप्प्यात ६६३ गावं. सुरुवात अरुणाचलमधल्या किबिथूपासून. रक्कम लहान आहे, पण निकष उलटला हे मोठं आहे. इथे माणसं कमी आहेत हेच रस्ता देण्याचं कारण धरलं गेलं. साहेबाच्या वहीतला तो जुना संरक्षक रकाना वेगळ्या नावाने परत आला.

घाईचा हिशेब

आता मी सैन्यातला माणूस म्हणून फक्त रस्ते हवेत, भराभर हवेत असं म्हणून थांबलो तर ते अर्धंच सांगणं होईल. चाळीस वर्षं थांबायचं आणि मग दहा वर्षांत सगळं उरकायचं, यात डोंगराचा हिशेब राहून जातो. चारधाम मार्गाचा सुमारे ९०० किलोमीटरचा प्रकल्प त्रेपन्न तुकड्यांत विभागला गेला. प्रत्येक तुकडा शंभर किलोमीटरच्या आत, त्यामुळे सगळ्याची एकत्र पर्यावरण तपासणी झालीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रुंदी मर्यादित केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये संरक्षणाची गरज मानून सीमेकडे जाणारे मार्ग रुंद करायला परवानगी दिली. २०२३ मध्ये वन संवर्धन कायद्यात बदल होऊन सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतल्या सामरिक रस्त्यांना सूट मिळाली. त्याच नोव्हेंबरात सिलक्यारा बोगदा ढासळून ४१ मजूर सतरा दिवस आत अडकले.

दरड कोसळून बंद पडलेला रुंद रस्ता सैन्याच्या काय कामाचा? उतार नीट न कापता केलेला रस्ता पहिल्या पावसाळ्यात शत्रूच्या मदतीशिवायच तुटतो. डोंगराची तपासणी करायला जे सहा महिने लागतात ते मी लष्करी गरजेतच धरतो. आणि या कामावर येणारी माणसं बघा. झारखंडच्या दुमक्यातून दरवर्षी हजारो मजूर लडाखला जातात. ऑक्सिजन कमी, थंडी हाडं गोठवणारी. २०२० च्या जूनमध्ये टाळेबंदीतही त्यांच्यासाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या होत्या. त्यांची मजुरी, त्यांचा विमा, त्यांचा निवारा हाही रस्त्याच्या खर्चाचाच भाग आहे.

मग वही कशी असावी?

माझं म्हणणं तीन वाक्यांत सांगतो. परतावा देणारी कामं आणि रक्षण करणारी कामं एकाच काट्यावर तोलू नयेत. दुसऱ्यांसाठी वेगळा रकाना, वेगळी यादी आणि दरवर्षी न चुकता पैसा असावा. त्या यादीत नव्या रस्त्याइतकाच मान जुन्या रस्त्याच्या देखभालीला असावा, कारण उद्घाटन एक दिवसाचं आणि दरडी दर पावसाळ्याच्या. आणि रस्ता किती किलोमीटर झाला यापेक्षा त्यावरून वर्षातले किती दिवस लादलेला ट्रक गेला, हे मोजावं.

बीआरओचं भांडवली अनुदान २०२४-२५ मध्ये ६,५०० कोटींवर गेलं. मोठा आकडा वाटतो. त्या वर्षीचा केंद्राचा एकूण भांडवली खर्च ११ लाख ११ हजार कोटींचा ठरवला होता. म्हणजे शंभर रुपयांतले साठ पैसेसुद्धा नाहीत. सीमेवरचं सगळं काम बीआरओच करते असं नाही, तरी प्रमाण कळावं म्हणून सांगितलं. आपल्याला परवडत नाही, हे कारण आता चालण्यासारखं नाही. भीती वेगळीच आहे. सीमा चार-पाच वर्षं शांत राहिली की हा रकाना पुन्हा आकसतो. आत्तापर्यंत प्रत्येक वेळी तसंच झालं आहे.

येत्या फेब्रुवारीत अर्थसंकल्प येईल तेव्हा आयकराच्या टप्प्यांनंतर टीव्ही बंद करू नका. सीमा रस्त्यांचं अनुदान किती, मागच्या वर्षी दिलेल्यातलं खर्च किती झालं, एवढे दोन आकडे शोधा आणि आपल्या खासदाराला विचारा. खासदार इंदूरचे असोत की सोलापूरचे, सीमा त्यांचीही आहे.

पुढच्या भागात झोजिला आणि १९४८ मध्ये तिथे चढवलेले रणगाडे. तोवर, जय हिंद.